मालवण, देवबाग आणि निवती येथील कौटुंबिक सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बेटे आणि मच्छीमार गावे मुलाबाळांसह पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबांकडून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. हॉटेलांची यादी किंवा दरपत्रक देण्याचा उद्देश नाही. दर हंगामागणिक बदलतात आणि ते फोनवर पाच मिनिटांत कळतात. फोनवर जे सहसा कळत नाही, ते सांगण्यावर येथे भर आहे.

समुद्र आणि बेटेच पाहायची असतील तर अंदमान किंवा लक्षद्वीप सोडून मालवणला का यावे?

निळेशार, तळ दिसणारे पाणी आणि विस्तीर्ण प्रवाळ हीच अपेक्षा असेल तर येथे येऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. कर्ली आणि गड या नद्यांचा गाळ येथील समुद्रात उतरतो, त्यामुळे अगदी चांगल्या दिवशीही पाण्याखाली फार लांबचे दिसत नाही. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो आणि अंदमानला विमानाचा खर्च मोठा आहे, ही कारणे खरी असली तरी दुय्यम आहेत. मालवणचे वेगळेपण असे की येथे पर्यटकाची खोली आणि मच्छीमाराचे अंगण यांच्यामध्ये फार तर एक माड असतो. सकाळी दार उघडल्यावर समोर होडी ढकलली जात असते, आणि दुपारी ताटात येणारा बांगडा कोणत्या जाळ्यात सापडला हे विचारले तर त्याचे उत्तर मिळते. मुलांना समुद्र केवळ खेळण्याची जागा म्हणून नव्हे, तर काही घरांचा रोजगार म्हणून दाखवायचा असेल, तर यासारखा किनारा जवळपास नाही.

कोणत्या महिन्यात यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पाणी त्यातल्या त्यात नितळ असते, उकाडा सुसह्य असतो आणि रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, मासळी लागण्याची शक्यताही चांगली असते. मार्च ते मे या काळात मुलांना सुट्टी असते आणि आंबे, फणस, ओले काजूगर हा मेवा मिळतो, हे खरे. परंतु दुपारी वारा वाढून समुद्र खवळतो, म्हणून बोटीचा प्रत्येक बेत सकाळी ठेवावा लागतो.

मे महिन्याच्या अखेरीस प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंद होतात, त्या साधारणपणे ऑगस्ट संपल्यावर सुरू होतात. यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. मासळीच्या प्रजननाचा हा काळ असल्याने तेव्हा ताज्या मासळीचा आग्रह धरू नये. मात्र नारळी पौर्णिमेला मालवणात असण्याचा योग आला तर तो सोडू नये. बंदरावर सारे शहर लोटते, समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि नारळ लढवण्याच्या स्पर्धा रंगतात. हातात धरलेल्या नारळावर दुसऱ्याने आपला नारळ आपटायचा आणि ज्याचा फुटेल तो हरला, एवढाच नियम असलेला हा खेळ मुलांना एका मिनिटात कळतो.

तारखा ठरवताना दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेचा दिवस पंचांगातील ठराविक तिथीला येत नाही. तो दरवर्षी ठरवून जाहीर केला जातो, आणि त्या आठवड्यात मालवण परिसरात खोली मिळणे जवळपास अशक्य असते. तसेच डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतात, त्या दिवसांतही राहण्याची सोय आधीच करावी लागते.

तेथे पोहोचावे कसे?

कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली येथे उतरावे. कुडाळहून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे आणि रिक्षा व एसटी दोन्ही मिळतात. मुंबईहून रस्त्याने अंतर साधारण ५०० किलोमीटर भरते. पुण्याकडील मंडळी कोल्हापूरमार्गे येऊन गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखाद्या घाटाने उतरतात. कोणता घाट चालू आहे याची चौकशी निघण्याच्या दिवशीच करावी. परुळ्याजवळील चिपी येथे २०२१ पासून विमानतळ आहे, परंतु तेथील उड्डाणे कायम एकसारखी राहिलेली नाहीत, म्हणून गोव्यातील मोपा विमानतळाचा पर्यायही पाहून ठेवावा.

मुक्काम कोठे करावा? मालवण, तारकर्ली की देवबाग?

मालवण शहरात बाजार, बंदर आणि दवाखाने हाताशी असतात. तारकर्लीला रुंद, स्वच्छ किनारा आहे आणि गर्दीही तेथेच सर्वाधिक होते. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला लाटांचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला संथ खाडी, असे दोन्ही पायी काही मिनिटांत गाठता येते. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर आमची शिफारस देवबागची, कारण समुद्र खवळलेला असला तरी खाडीकाठी सावलीत बसता येते. या पट्टीला समुद्राच्या धुपीचा त्रास आहे. किनाऱ्यालगत टाकलेले मोठे दगड त्यासाठीच आहेत, आणि त्यांवर मुलांना चढू देऊ नये.

निम्मा मुक्काम कर्लीच्या पलीकडे, भोगवे किंवा निवती येथे करावा, असेही आम्ही सुचवतो. देवबागच्या टोकाला उभे राहिले की भोगव्याची वाळू समोर अगदी हाकेच्या अंतरावर दिसते, परंतु गाडीने जायचे तर खाडीवरचा पूल गाठण्यासाठी मागे फिरून लांबचा वळसा घालावा लागतो. नकाशावरचे सरळ अंतर पाहून वेळेचा हिशेब करणारे येथे हमखास चुकतात.

राहण्यासाठी शासनाच्या निवास व न्याहारी योजनेखालील घरे चांगली. अशा घरी जेवण घरचेच असते आणि समुद्राची खबर यजमानांना रेडिओपेक्षा आधी असते. खोली घेताना वातानुकूलन आहे का हे सगळेच विचारतात. पण स्वयंपाक घरी होतो का आणि घरात कोणी समुद्रावर जाते का, हे दोन प्रश्न जास्त उपयोगाचे ठरतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याला किती वेळ द्यावा?

मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यावर पोहोचण्यास सुमारे पंधरा मिनिटे लागतात. होडीवाले सहसा तासाभरात परतायला सांगतात आणि तो वेळ अपुरा आहे. शक्य असल्यास सकाळच्या पहिल्या होडीने जाऊन नंतरच्या होडीने परतण्याची बोली आधीच करून घ्यावी.

कुरटे बेटावरील या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि १६६७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे आणि नागमोडी तट जवळपास तीन किलोमीटर लांबीचा आहे. पायाचे दगड बसवताना शिशाचा वापर केला गेला. महादरवाजा गोमुखी पद्धतीचा, म्हणजे वळणदार बुरुजांच्या आड लपलेला, असल्याने होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. मुलांना आधी काही न सांगता होडीतून दरवाजा शोधायला लावावा. शत्रूच्या गलबतावरील माणसाची काय अडचण होत असेल, ते व्याख्यानाशिवाय समजते.

आत शिवराजेश्वर मंदिर आहे, तसेच चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते शिवाजी महाराजांचे म्हणून पूजले जातात. चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींना गोडे पाणी आहे. बेटावरच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, हे त्यामागचे साधे भौतिकशास्त्र शाळकरी मुलांना जागेवरच समजावून सांगता येते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना आवाज कमी ठेवावा आणि तहान लागल्यास त्यांच्याकडचे कोकम सरबत विकत घ्यावे.

किल्ल्यावरून परतल्यावर दांडी किनाऱ्याजवळचा मोरयाचा धोंडा अवश्य पाहावा. किल्ल्याच्या बांधकामाआधीची पूजा या खडकापाशी झाली असे मानतात आणि त्यावर गणपती, सूर्य व चंद्र कोरलेले आहेत. बहुतेक सहली याच्या शेजारून निघून जातात.

पद्मगडावर चालत जाता येते, हे खरे आहे का?

होय, परंतु केवळ ओहोटीच्या वेळी आणि स्थानिक माणूस सोबत असेल तरच. दांडी किनाऱ्यासमोरच्या या छोट्या बेटाकडे जाणारा वाळूचा दांडा ओसरत्या पाण्यात उघडा पडतो आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येते. परतीची वेळ चुकली की तीच वाट पाण्याखाली जाते. येथील खडकांना कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, म्हणून अनवाणी जाऊ नये. पट्ट्याची, पायातून न निसटणारी चप्पल घालावी.

भरती-ओहोटीच्या वेळा आपल्याला कशा कळणार?

संपूर्ण सहलीचा पाया हा प्रश्न आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि दररोज त्यांची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, तेव्हा दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती. मालवणकडे ती त्याहून थोडी आधी येते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी धरावी.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खूप ओसरते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि चढउतार कमी राहतो. यावरून बेत असा आखावा की पद्मगडाची वाट आणि खडकांतल्या डबक्यांतले जीव पाहायचे असतील तर उधाणाचे दिवस निवडून पहाटेची किंवा दुपार उलटल्यावरची ओहोटी साधावी. खाडीतून निवांत फिरायचे असेल तर भरतीचे पाणी भरत असतानाची वेळ घ्यावी, कारण तेव्हा होडी कांदळवनाच्या आतपर्यंत शिरते. ज्या कुटुंबाने दिनदर्शिकेवरची तिथी पाहून बेत आखला, त्याला चार दिवसांत जे दिसते ते घड्याळाप्रमाणे धावणाऱ्यांना आठवड्यातही दिसत नाही.

रापण म्हणजे काय आणि ती मुलांना दाखवता येईल का?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवून समुद्रात जाते, अर्धवर्तुळाकार फिरत जाळे सोडत येते आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लावते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि दोर ओढला जातो. ओढणारा शेवटचा माणूस मागे पोहोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याकडे पुढे येतो, त्यामुळे रांग जागच्या जागी फिरत राहते. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. मधला पिशवीसारखा भाग किनाऱ्याजवळ येऊ लागला की आधी बगळे आणि घारी जमतात, मग टोपल्या घेऊन बायका येतात आणि पाणी चांदीसारखे उसळू लागते. तारली, बांगडा, पेडवे यांच्या ढिगात एखादा फुगलेला केंड मासा निघाला तर मुलांची करमणूक होते. तो विषारी असल्याने खाल्ला जात नाही, पाण्यात परत फेकला जातो. मिळालेल्या मासळीचे रापणकरांत ठरलेले वाटे पडतात. नेमकी वेळ कोणी सांगू शकत नाही. थवा किनाऱ्याजवळ आला की रापण लागते. देवबाग, तारकर्ली, दांडी किंवा तोंडवळी येथे सकाळी लवकर किनाऱ्यावर असणे, एवढेच आपल्या हाती आहे.

दोर ओढायला हात लावू का, असे विचारल्यास बहुतेक वेळा हसून होकार मिळतो. विचारल्याशिवाय मात्र दोराला हात लावू नये.

मच्छीमार वस्तीत वावरताना कोणते भान ठेवावे?

येथील बहुसंख्य मच्छीमार गाबित समाजाचे आहेत. वाळूवर पसरलेले जाळे ओलांडू नये आणि त्यावर पाय तर मुळीच देऊ नये. एक धागा तुटला तरी तो शिवण्यात कोणाचा तरी वेळ जातो. होडीत चढून फोटो काढण्यापूर्वी विचारावे. मासळी निवडणाऱ्या बायकांचे फोटो परवानगीशिवाय काढणे आम्हाला उद्धटपणाचे वाटते. मोठ्यांना काका, मावशी, भाऊ अशी हाक मारावी. प्रत्येकाला 'कोळी' समजून हाक मारणे टाळावे. गाडी वाळूवर नेऊ नये. ती रुतते आणि मग तिला बाहेर काढायला आपल्या कामावर निघालेल्या माणसांनाच हात लावावा लागतो.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तो पाहताना कडेला उभे राहावे, कारण बोली झपाट्याने चढते आणि टोपल्या डोक्यावरून जात असतात. मोठ्या पर्ससीन नौका (मासळीच्या थव्याला जाळ्याने वेढून पकडणाऱ्या) आणि प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी यांमुळे किनाऱ्याजवळची मासळी घटली, अशी पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तरी हा वाद मिटलेला नाही. चहाच्या टपरीवर हा विषय निघाला तर सल्ला न देता ऐकून घ्यावे.

स्कुबा आणि इतर जलक्रीडा मुलांसाठी सुरक्षित आहेत का?

हे पूर्णपणे चालकावर आणि आपल्या आग्रहावर अवलंबून आहे. मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे स्कुबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यामुळे लाइफ जॅकेट अंगावर बांधल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू नये, लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे जॅकेट मागावे, आणि बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे भरली जात असतील तर पैसे दिलेले असले तरी उतरून यावे. भिडेपोटी गप्प बसणे हा आपल्याकडचा मोठा धोका आहे.

लहान मुलांना स्कुबापेक्षा उथळ पाण्यातील स्नॉर्केलिंग बरे. मोठ्यांनी स्कुबा सहलीच्या सुरुवातीला उरकावे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि ते पाण्याखालून आलेल्या शरीराला धोक्याचे असते, म्हणून त्यानंतर किमान एक पूर्ण दिवस विमानात बसू नये. आंबोलीसारखा सुमारे ७०० मीटर उंचीचा घाट चढण्याबाबतही हीच खबरदारी घ्यावी, आणि ही गोष्ट पुण्या-कोल्हापूरकडे गाडीने परतणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. किल्ल्याभोवतीचा काही भाग १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. पाण्याखालून प्रवाळाचा तुकडादेखील उचलू नये.

देवबागच्या संगमावर, म्हणजे नदी समुद्राला मिळते तेथे, पोहू नये. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी तेथून जोरात बाहेर पडते आणि चांगला पोहणाराही ओढला जातो. जवळच 'त्सुनामी आयलंड' म्हणून ओळखला जाणारा वाळूचा उंचवटा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक सांगतात. तेथे सुट्टीच्या दिवशी बोटींचा इतका गोंगाट असतो की आम्ही तो वगळण्यास सुचवतो.

डॉल्फिन नक्की दिसतात का?

नक्की काहीच सांगता येत नाही. सकाळी लवकर, समुद्र शांत असताना देवबाग आणि निवतीच्या बाजूला दिसण्याची शक्यता चांगली असते. दिसल्यावर बोट त्यांच्या मागे पळवू नका, असे चालकाला आधीच सांगून ठेवावे.

निवतीला वेगळे काय आहे?

निवती हे डोंगराच्या कुशीतले लहानसे मच्छीमार बंदर आहे. वर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तेथून एका बाजूला भोगव्याचा लांब किनारा, तर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडकाळ बेटसमूह दिसतात. त्यांतील एका बेटावर दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हे पक्षी लाळेने घरटी बांधतात आणि पूर्वी त्या घरट्यांची तस्करी होत असे. लहान मुलांना घेऊन तेथवर बोटीने जाण्याचा आग्रह धरू नये. किल्ल्यावरून दुर्बिणीने पाहणे पुरेसे आहे. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या आणि बगळे उडून जात नाहीत, आणि आमच्या मते या किनाऱ्यावरची मुलांसाठीची सर्वांत चांगली फेरी हीच आहे.

जेवणाचे काय? मुले तिखट खात नाहीत, आजी शाकाहारी आहेत.

घरगुती मुक्कामात सकाळी सांगितले तर दोन्ही सोयी होतात. मुलांसाठी घावणे, आंबोळी, खापरोळी आणि कमी मसाल्याची तळलेली मासळी असते. शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याचे सांबार, कुळथाची पिठी, फणसाची भाजी आणि हंगामात काजूगरांची उसळ मिळते. मासे खाणाऱ्यांनी केवळ सुरमई आणि पापलेट मागून थांबू नये. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्या (शिंपल्या) आणि मोरीचे, म्हणजे लहान शार्क माशाचे, मटण येथे जसे होते तसे शहरात होत नाही. बाजारात लहान मासळी वाट्याने विकली जाते. डोळे फुगीर, कल्ले लालभडक आणि बोटाने दाबल्यावर खड्डा न राहणारी मासळी घेऊन यजमानांकडे दिली तर ते ठराविक मोबदल्यात रांधून देतात.

आजी-आजोबांना बोटीत चढणे जमेल का?

ओहोटीच्या वेळी धक्का आणि होडी यांच्या उंचीत बराच फरक पडतो, म्हणून त्यांना घेऊन भरतीच्या सुमारास निघावे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी धामापूरचा १६ व्या शतकातील तलाव आणि त्याच्या काठचे भगवतीचे मंदिर हा उत्तम पर्याय आहे. तेथे सावली भरपूर आहे.

सुकी मासळी घरी नेता येते का?

येते, परंतु ती नीट बांधून घ्यावी. खारे बांगडे आणि सुकी कोळंबी घेताना ती पूर्ण वाळलेली आहे का हे हाताने पाहावे. ओलसर राहिलेली मासळी प्रवासातच खराब होते. कागदात गुंडाळून, त्यावर प्लास्टिकच्या दोन पिशव्या बांधून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात वास कोंडून राहतो आणि शेजारचे प्रवासी रात्रभर आपल्याकडे पाहत राहतात, म्हणून तशा डब्याने परतणाऱ्यांनी मालवणी खाजा, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि काजू यांवर समाधान मानावे.